हापूसच्या पेट्यांसाठी लिहिलेले स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट मेननेटवर नेताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. तुम्ही ऐरोलीत जावा डेव्हलपर म्हणून नोकरी करता आणि वाशीच्या फळबाजारात गाळा असलेल्या तुमच्या मामांसाठी सॉलिडिटी या प्रोग्रॅमिंग भाषेत एक स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर (थोडक्यात चेनवर) चालणारा प्रोग्रॅम, लिहिले आहे. मोठा खरेदीदार हापूसच्या पेट्यांची ठरलेली रक्कम यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या टोकनमध्ये किंवा चेनच्या मूळ नाण्यात कॉन्ट्रॅक्टकडे जमा करतो. माल गाळ्यावर उतरल्याची नोंद मामांनी केली की ती रक्कम देवगडच्या बागायतदाराच्या वॉलेटमध्ये, म्हणजे चेनवरील खात्यात, जाते. ७ दिवसांत नोंद झाली नाही तर रक्कम खरेदीदाराला आपोआप परत मिळते. हार्डहॅट या साधनातील सगळ्या चाचण्या पास झाल्या, सेपोलिया या चाचणीच्या चेनवरही ते चालले, आणि आता तुम्हाला हवे आहे ते असे: मेननेटवर (खऱ्या पैशांच्या चेनवर) टाकण्याची कमांड, चेनची निवड, गॅसचा (व्यवहाराच्या शुल्काचा) अंदाज आणि ऑडिट, म्हणजे तज्ज्ञांकडून कोडची तपासणी, करून घ्यावे का, याचे उत्तर.

यांपैकी कमांड हा सर्वांत सोपा भाग आहे आणि त्याकडे मी शेवटी येतो. मी ठाण्यात वागळे इस्टेटमधून हेच काम करतो आणि ग्राहकाशी होणाऱ्या पहिल्या बैठकीत कोडचा विषय काढत नाही. कॉन्ट्रॅक्टला कोणती गोष्ट कळणार आहे, ती त्याला कोण कळवणार, कोणाच्या सहीने पैसे हलणार आणि काही बिघडले तर ते कोण थांबवू शकणार, एवढेच विचारतो. सर्व्हरवरच्या जावा ॲप्लिकेशनमध्ये या प्रश्नांची उत्तरे चुकली तर रात्री नवी आवृत्ती चढवून सकाळी कामाला लागता येते. चेनवर चढलेला बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) मात्र तसाच राहतो आणि त्याच्या ताब्यात दिलेले पैसे त्या बाइटकोडच्या नियमांनीच बाहेर येतात. म्हणून ही उत्तरे डिप्लॉय करण्यापूर्वी, म्हणजे चेनवर टाकण्यापूर्वी, कोडमध्ये उतरलेली असावी लागतात. तुम्ही टाकलेला कोड मी दोनदा वाचला. तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ती अजून उतरलेली नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे माल उतरल्याची नोंद. कॉन्ट्रॅक्टला गाळा दिसत नाही, टेम्पो दिसत नाही, पेटी दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त एका विशिष्ट पत्त्यावरून आलेली आणि त्या पत्त्याच्या प्रायव्हेट कीने (गुप्त किल्लीने) सही केलेली हाक (कॉल). म्हणजे तुमच्या रचनेत ‘माल पोचला’ याचा खरा अर्थ ‘मामांच्या फोनवरून एक बटण दाबले गेले’ एवढाच आहे. मामांवर सगळ्यांचा विश्वास असेल तर त्यात गैर काही नाही. पण मग खरेदीदाराला हे स्वच्छ सांगितले पाहिजे की मध्यस्थावर विसंबण्याची गरज ब्लॉकचेनने संपवलेली नाही. तो विश्वास एका नोंदीपुरता मर्यादित केला आहे आणि ती नोंद नंतर कोणाला पुसता येणार नाही. माझ्या मते एवढा फायदाही पुरेसा मोलाचा आहे, पण तो नेमका एवढाच आहे.

त्यातही ‘माल पोचला’ आणि ‘माल चांगला निघाला’ या दोन वेगळ्या घटना आहेत, हे बाजारात वावरणाऱ्याला सांगावे लागत नाही. हापूस कच्चा येतो, अढीत पिकतो, आणि साका, म्हणजे गर आतून खराब असणे, तर फळ कापल्याशिवाय कळतच नाही. तुमचे कॉन्ट्रॅक्ट पेटी उतरताच संपूर्ण रक्कम सोडते. साका निघाल्याचे खरेदीदाराला चार दिवसांनी कळले, तर तोवर कॉन्ट्रॅक्टच्या दृष्टीने सौदा संपलेला असतो. शिवाय प्रत्यक्ष बाजारात सौदा क्वचितच पूर्ण रक्कम किंवा शून्य अशा टोकांवर मिटतो. हिशोबपट्टीत हमाली, तोलाई, वाहतूक आणि डागी फळांची वजावट होऊन जो आकडा उरतो, तो खरा. तुमच्या कोडमध्ये या वजावटीला जागाच नाही.

म्हणून सौद्याच्या अवस्था वाढवा. रक्कम जमा झाली, माल उतरला, तक्रार आली, सौदा मिटला, अशा चार अवस्था पुरतील. माल उतरल्याची नोंद झाली की तक्रारीची मुदत सुरू व्हावी. ती किती दिवसांची असावी हे मामा आणि खरेदीदार यांनी ठरवायचे आहे. फळ किती कच्चे येते यावर ते अवलंबून आहे आणि त्याचे उत्तर मी येथे बसून देऊ शकत नाही. मुदतीत तक्रार आली नाही तर बागायतदाराला पूर्ण रक्कम काढता यावी. तक्रार आली तर खरेदीदार आणि बागायतदार या दोघांनी एकाच विभागणीला, म्हणजे समजा ८५ आणि १५ टक्क्यांना, आपापल्या पत्त्यावरून मान्यता दिल्यावरच रक्कम सुटावी. दोघांचे जमलेच नाही तर तिसऱ्या कोणाचा निर्णय मान्य करायचा, तेही आधी लिहून ठेवावे लागते. हा तिसरा माणूस ठरवणे हे कोडचे काम नव्हे, पण त्याचा पत्ता कोडमध्ये लागतो.

‘७ दिवसांनी आपोआप परत’ या वाक्यातील ‘आपोआप’ हा शब्द तर काढूनच टाका. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट स्वतःहून कधीच जागे होत नाही. त्यात टायमर नाही, ठरल्या वेळी आपोआप चालणारा क्रॉन जॉब नाही. कोणीतरी व्यवहार पाठवून त्याचे फंक्शन बोलवावे लागते आणि त्या व्यवहाराचा गॅस भरावा लागतो. तुमच्या चाचणीत तुम्ही हार्डहॅटचे घड्याळ ७ दिवस पुढे ढकलून लगेच परतफेडीचे फंक्शन स्वतः बोलवले आहे, त्यामुळे ही उणीव तुमच्या लक्षात आली नाही. चेनलिंकच्या ऑटोमेशनसारख्या सेवा हे काम करून देतात, पण तुमच्या गरजेला त्यांची आवश्यकता नाही. मुदत उलटल्यावर खरेदीदाराने स्वतः येऊन रक्कम काढावी, अशी सोय ठेवा. ज्याचे पैसे आहेत त्याने ते येऊन घ्यायचे, ही रचना सुरक्षिततेच्या दृष्टीनेही चांगली आहे, कारण एकाच फेरीत अनेकांना रक्कम पाठवताना त्यांपैकी एकाचे वॉलेट व्यवहार नाकारते आणि सगळ्यांचेच पैसे अडकतात, हा प्रकार तिच्यात उद्भवत नाही.

आता तुमचे रक्कम सोडणारे फंक्शन पाहू, कारण ते जवळून पाहण्यासारखे आहे. त्यात पहिली ओळ सौद्याची अवस्था तपासते, दुसरी बागायतदाराच्या पत्त्यावर रक्कम पाठवते आणि तिसरी अवस्था ‘मिटला’ अशी बदलते. दुसरी आणि तिसरी ओळ यांची अदलाबदल करा. मूळ नाणे पाठवताना समोरचा पत्ता हेही एक कॉन्ट्रॅक्ट असू शकते. रक्कम मिळताच त्याचा कोड चालतो आणि तो कोड तुमचे तेच फंक्शन पुन्हा बोलवू शकतो. त्या क्षणी तुमची तिसरी ओळ चाललेली नसते, म्हणून सौदा अजून उघडाच दिसतो आणि रक्कम पुन्हा जाते. जून २०१६ मध्ये इथेरियमवरील ‘द डाओ’ या कॉन्ट्रॅक्टमधून सुमारे ३६ लाख ईथर (इथेरियमचे मूळ नाणे) याच मार्गाने काढले गेले आणि ते परत मिळवण्याच्या निर्णयावरून पुढच्या महिन्यात चेनच दुभंगली. जुनी चेन आजही इथेरियम क्लासिक या नावाने चालू आहे. यूएसडीसी पाठवताना रक्कम स्वीकारणाऱ्याच्या कोडकडे नियंत्रण जात नाही, त्यामुळे तुमच्या टोकनच्या वाटेवर हा दोष झाकलेला राहतो, पण मूळ नाण्याच्या वाटेवर तो उघडा आहे. आधी तपासणी, मग स्वतःच्या नोंदी, आणि बाहेरचा व्यवहार सगळ्यांत शेवटी, हा क्रम प्रत्येक फंक्शनला लावा आणि वरून ओपनझेपलिन या तयार कोडच्या लायब्ररीतील रीएंट्रन्सी गार्डही (फंक्शन मध्येच पुन्हा बोलवू न देणारी सोय) घाला. शक्य असेल तर मूळ नाणे स्वीकारण्याची सोय काढूनच टाका. दोन वाटा ठेवल्या की चाचण्या दुप्पट होतात आणि मामांना त्या दुसऱ्या वाटेचा काही उपयोग नाही.

टोकनच्या वाटेवर तीन खड्डे आहेत. तुम्ही चाचणीसाठी लिहिलेल्या नकली टोकनला १८ दशांश स्थाने आहेत, तर खऱ्या यूएसडीसीला ६ आहेत. तुमच्या फ्रंटएंडमध्ये (वापरकर्त्याला दिसणाऱ्या भागात) १८ हा आकडा थेट लिहिलेला दिसतो. तो तसाच राहिला तर १०० डॉलरची रक्कम कॉन्ट्रॅक्टच्या लेखी अब्जावधी पट होईल आणि प्रत्येक व्यवहार शिल्लक अपुरी म्हणून फेटाळला जाईल. याच्या उलट दिशेची चूक झाली तर ती फेटाळली न जाता निमूट पुढे जाईल, आणि ती जास्त धोक्याची. दुसरा खड्डा पॉलिगॉन या चेनवरचा आहे: तेथे ब्रिजवरून, म्हणजे दुसऱ्या चेनवरून, आलेले जुने यूएसडीसी आणि २०२३ पासून थेट जारी होणारे यूएसडीसी अशी दोन टोकने वेगवेगळ्या पत्त्यांवर नांदतात. कोणते स्वीकारायचे ते ठरवून त्याचा पत्ता जारीकर्त्याच्या अधिकृत दस्तऐवजातून घ्या, कोणा ब्लॉगवरून उचलू नका. तिसरा खड्डा परताव्याच्या मूल्याचा: काही टोकने, आणि इथेरियमवरचे यूएसडीटी हे डॉलरचे टोकन त्यांतलेच, रक्कम पाठवल्यावर खरे-खोटे असे काहीच परत देत नाहीत. म्हणून टोकनशी थेट न बोलता ओपनझेपलिनच्या सेफ-ईआरसी-२० मार्फत बोला.

पण मुळात पैसे चेनवर हवेतच का, हा प्रश्न मी तुमच्या जागी असतो तर मामांना आधी विचारला असता. देवगडच्या बागायतदाराला मजुरी, खोकी, पेंढा आणि गाडीभाडे रुपयांत द्यायचे असते. यूएसडीसी हाती आल्यावर त्याचे रुपये करायला त्याला एखाद्या एक्स्चेंजवर खाते उघडावे लागेल. भारतात आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून हस्तांतरणाच्या रकमेवर १ टक्का टीडीएस, अशी तरतूद आली. डॉलरशी बांधलेले टोकनही व्यवहारात याच सदरात धरले जाते. एरवी शेतमालाच्या साध्या विक्रीत जी कटकट नसती, ती या टोकनमुळे अंगावर येते. सनदी लेखापालाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय तो मार्ग धरू नका.

माझी शिफारस अशी आहे की पैसे बँकेतून किंवा यूपीआयने जाऊ द्यावेत आणि चेनवर फक्त नोंदी ठेवाव्यात: सौद्याच्या कागदाचा हॅश (मजकुरावरून काढलेला अंकीय ठसा), माल उतरल्याची वेळ, तक्रार आणि दोघांनी मान्य केलेली अंतिम पट्टी, प्रत्येक नोंद ज्याची त्याच्या सहीने. तुर्भ्यातील एका शीतगृहासाठी आम्ही मालाच्या पावत्यांची नोंद ठेवणारे कॉन्ट्रॅक्ट केले, तेव्हा असाच निर्णय घेतला होता. वाद झाला तर पावती कोणी नंतर बदलली का, हे पाहता यावे, एवढीच तेथे गरज होती आणि ती भागली. आपल्याकडे २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथील जातप्रमाणपत्रे पॉलिगॉनवर नोंदवण्यात आली, त्यामागचा विचारही खोट्या कागदाला आळा घालण्याचाच होता. अशा कॉन्ट्रॅक्टमध्ये दोष राहिला तर नोंद बिघडते. कोणाचे पैसे जात नाहीत. पहिल्याच कॉन्ट्रॅक्टसाठी मला हा फरक फार मोठा वाटतो. मात्र खरेदीदार परदेशी असेल आणि रक्कम अडकवून ठेवणे हाच सौद्याचा गाभा असेल, तर हिशेब बदलतो. तेव्हा परकीय चलनाचे नियमही आड येतात आणि कोडच्या आधी वकील लागतो.

नोंदी ठेवताना खासगीपणाची काळजी घ्या. सॉलिडिटीत एखाद्या चलाला ‘प्रायव्हेट’ म्हटले म्हणजे दुसरी कॉन्ट्रॅक्ट ते वाचू शकत नाहीत, एवढेच. नोडवरून (चेनची प्रत ठेवणाऱ्या संगणकावरून) ते कोणीही वाचू शकतो. तुम्ही बागायतदाराचा मोबाइल क्रमांक हॅश करून ठेवला आहे, म्हणजे तो लपला असे तुम्हाला वाटते. भारतीय मोबाइल क्रमांक १० अंकी आणि ६ ते ९ या अंकांनी सुरू होणारा असतो. म्हणजे शक्यता जास्तीत जास्त ४०० कोटी. साध्या संगणकावर तेवढे हॅश काढून जुळवून पाहणे सहज शक्य आहे. क्रमांक चेनवर ठेवूच नका. ठेवणे भाग असेल तर त्यात एक लांब यादृच्छिक मूल्य मिसळून मगच हॅश करा आणि ते मूल्य चेनबाहेर सांभाळा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीला स्वतःची माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे; चेनवर गेलेली माहिती कोणालाच पुसता येत नाही.

आता अधिकार. तुमच्या कोडमध्ये कॉन्ट्रॅक्ट थांबवण्याचा, मुदत बदलण्याचा आणि अडकलेली रक्कम काढण्याचा अधिकार मालकाकडे आहे, आणि मालक म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरच्या मेटामास्क या वॉलेट ॲपमधील खाते. त्याच खात्याची प्रायव्हेट की प्रकल्पाच्या एन्व्ह फाइलमध्येही (सेटिंग्जच्या फाइलमध्येही) आहे, असे तुमच्या कॉन्फिगरेशनवरून दिसते. ती फाइल एकदा जरी गिटवर (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीवर) गेली असेल तरी ते खाते कायमचे बाद समजा, कारण नंतर फाइल काढली तरी ती जुन्या कमिटमध्ये (नोंदलेल्या आवृत्तीत) राहते आणि अशा की शोधणारे प्रोग्रॅम सार्वजनिक रेपॉझिटरी सतत चाळत असतात. डिप्लॉय करण्यासाठी नवे खाते काढा, त्यात गॅसपुरतीच शिल्लक ठेवा आणि मालकी त्या खात्याकडे येऊच देऊ नका. ओपनझेपलिनच्या पाचव्या आवृत्तीपासून मालकाचा पत्ता कन्स्ट्रक्टरलाच (डिप्लॉयच्या वेळी एकदाच चालणाऱ्या भागाला) द्यावा लागतो. तेथे थेट बहुस्वाक्षरी वॉलेटचा पत्ता द्या. ‘सेफ’ हे त्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे कॉन्ट्रॅक्ट आहे. तिघांपैकी दोघांची सही, आणि ते तिघे म्हणजे मामा, बागायतदारांचा एक प्रतिनिधी आणि तुम्ही, असे असावे. तिघांची की वेगवेगळ्या हार्डवेअर वॉलेटवर (की जपणाऱ्या छोट्या उपकरणावर) आणि वेगवेगळ्या घरी असावी; तिन्ही तुमच्याच कपाटात असतील तर बहुस्वाक्षरीला अर्थ उरत नाही.

बहुस्वाक्षरी असली म्हणजे काम संपले, असेही नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या मुंबईच्या एक्स्चेंजच्या बहुस्वाक्षरी वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता गेली. स्क्रीनवर दिसत होता तो व्यवहार आणि प्रत्यक्षात सही झाली तो व्यवहार, हे वेगळे होते, असे कंपनीने तेव्हा जाहीर केले. म्हणून सही करणाऱ्या प्रत्येकाने हार्डवेअर वॉलेटच्या पडद्यावर पत्ता आणि फंक्शन वाचूनच सही करायची, हे मामांना शेजारी बसून शिकवा. मालकाचे अधिकारही कमी करा. नवे सौदे थांबवण्याचा अधिकार पुरे. चालू सौद्याची रक्कम काढण्याचा अधिकार मालकाला असेल तर कोणताही जाणता खरेदीदार त्यात पैसे ठेवणार नाही, आणि त्याने ठेवूही नयेत.

कोड पुढे बदलता यावा म्हणून तुम्ही प्रॉक्सी वापरण्याचा विचार करत आहात. प्रॉक्सीत पत्ता आणि साठवण तीच राहते व मागचे तर्क-कॉन्ट्रॅक्ट बदलता येते. ते उपयोगी आहे, पण त्याची शिस्त कडक आहे: चलांचा क्रम पुढच्या आवृत्तीत हलला तर एका चलाच्या जागी दुसऱ्याचे मूल्य वाचले जाते, आणि कन्स्ट्रक्टरऐवजी असलेले इनिशियलाइझ फंक्शन कोणी आधी बोलवले तर मालकी त्याच्याकडे जाते. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटीच्या बहुस्वाक्षरी वॉलेटमागचे सामायिक लायब्ररी-कॉन्ट्रॅक्ट असेच इनिशियलाइझ न करता राहिले होते. एका वापरकर्त्याने ते बोलवून मालकी घेतली, ते नष्ट केले आणि त्यावर विसंबलेल्या वॉलेटमधील ५ लाखांहून अधिक ईथर कायमचे गोठले. तुमच्या कामाला मात्र निसर्गानेच सोय करून दिली आहे. हापूसचा हंगाम पावसाच्या तोंडावर संपतो. दर हंगामाला नवे कॉन्ट्रॅक्ट डिप्लॉय करा, जुन्यात नवे सौदे बंद करा आणि उरलेले सौदे मिटू द्या. वर्षभरात सुचलेल्या सुधारणा पुढच्या हंगामाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये येतील आणि प्रॉक्सीची गुंतागुंत टळेल. हंगामी व्यवसायासाठी मी नेहमी हाच मार्ग सुचवतो.

चेन आणि गॅस यांचे उत्तर आता थोडक्यात देता येईल. तुमच्या जुन्या ट्युटोरियलमधील पॉलिगॉनचे ‘मुंबई’ टेस्टनेट (चाचणीची चेन) एप्रिल २०२४ मध्ये बंद झाले, म्हणून तुमचे व्यवहार तेथे जात नाहीत. त्याच्या जागी आता ‘अमॉय’ आहे आणि त्याचा चेन आयडी ८०००२ आहे. खर्चाचा अंदाज असा करा: बाइटकोड ८,००० बाइटचा असेल तर साठवणुकीचे बाइटला २०० प्रमाणे १६ लाख गॅस, निर्मितीचे ३२,०००, प्रत्येक व्यवहाराचे मूळ २१,००० आणि बाइटकोड पाठवण्याचा खर्च मिळून १८ ते २० लाख गॅस लागेल. २० लाख गॅसला इथेरियम मेननेटवर १ ग्वेई (ईथरचा एक अब्जांश) दराने ०.००२ ईथर, तर २० ग्वेई दराने ०.०४ ईथर पडतील. दर तासातासाला हलतो, म्हणून रुपयांतला आकडा त्या दिवशीच काढा. डिप्लॉयचा खर्च एकदाच येतो. खरा भार रोजच्या सौद्यांचा असतो, कारण साठवणीत नवी जागा व्यापली की दरवेळी सुमारे २२ हजार गॅस जातो. रक्कम, मुदत आणि अवस्था ही तिन्ही मूल्ये लहान प्रकारांची घेऊन एकाच जागेत बसवा. जी माहिती कॉन्ट्रॅक्टला स्वतःला परत वाचायची नाही, ती इव्हेंटमध्ये (चेनवरच्या स्वस्त लॉगमध्ये) टाका. दिवसाला काही डझन नोंदी असतील तर पॉलिगॉन किंवा एखादा रोलअप (व्यवहार एकत्र करून इथेरियमवर नोंदवणारी चेन) पुरेसा आहे; मार्च २०२४ च्या डेनकून सुधारणेनंतर रोलअपवरचे शुल्क खूप उतरले आहे. पॉलिगॉनची मुख्य चेन स्वतःच्या व्हॅलिडेटरांवर (व्यवहार तपासणाऱ्यांवर) चालते आणि रोलअप इथेरियमच्या सुरक्षिततेवर टेकतात. फक्त नोंदी ठेवायच्या असतील तर या फरकाने तुमचे फारसे अडणार नाही, मोठ्या रकमा ठेवायच्या असतील तर मी रोलअप घेईन.

ऑडिटबद्दल: पैसे कॉन्ट्रॅक्टमध्ये राहणार असतील तर ते करून घ्याच, फक्त नोंदी असतील तर एखाद्या अनुभवी सहकाऱ्याकडून ओळ न् ओळ वाचून घेणे चालेल. पण त्याआधी तुमचे घर आवरा. स्लिदर हे कोडमधील दोष शोधणारे साधन चालवा आणि त्याने दाखवलेल्या प्रत्येक इशाऱ्याचे उत्तर लिहा. फाउंड्री या चाचणीच्या साधनात एक अखंड नियम मांडा की कॉन्ट्रॅक्टमधील शिल्लक ही सर्व उघड्या सौद्यांच्या बेरजेहून कधीही कमी नसेल, आणि फझरला (यादृच्छिक चाचण्या करणाऱ्या भागाला) कोणत्याही क्रमाने फंक्शने बोलवू द्या. तुमच्या सध्याच्या चाचण्या तुम्हाला अपेक्षित असलेल्या क्रमानेच चालतात. चुकीचा माणूस, चुकीची वेळ आणि दुसऱ्यांदा केलेली हाक यांची एकही चाचणी मला दिसली नाही. ऑडिट एका ठरावीक कमिटचे होते, त्यामुळे त्यानंतर एक ओळ बदलली तरी ती ओळ न तपासलेली ठरते.

डिप्लॉयच्या दिवशी कंपायलरची आवृत्ती, ऑप्टिमायझरचे मूल्य आणि लायब्ररींच्या आवृत्त्या गोठवा. फाउंड्रीच्या ॲनव्हिलवर खऱ्या चेनचा फोर्क (स्थानिक प्रत) घेऊन, खऱ्या टोकनच्या पत्त्यासह, तीच स्क्रिप्ट आधी एकदा पूर्ण चालवा. मग फाउंड्रीच्या फोर्ज स्क्रिप्टला ब्रॉडकास्ट आणि व्हेरिफाय हे दोन पर्याय देऊन ती मेननेटवर सोडा. तुम्हाला हवी होती ती कमांड हीच. हार्डहॅटमध्येच राहायचे असेल तर इग्निशन हेच काम करते. व्हेरिफिकेशन अडले तर बहुधा ऑप्टिमायझरचे मूल्य किंवा कन्स्ट्रक्टरला दिलेली मूल्ये जुळत नसतात. कोड एक्स्प्लोररवर (चेनवरील नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) दिसू लागला की मालक, टोकनचा पत्ता आणि मुदत ही मूल्ये तेथूनच वाचून पडताळा. नंतर दोन पेट्यांचा एक छोटा सौदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तक्रार आणि विभागणी यांसह, मामांच्याच हातून करून घ्या. पहिल्या हंगामात एका सौद्याला आणि एकूण रकमेला कमाल मर्यादा कोडमध्येच घाला. खरेदीदाराने टोकनची परवानगी देताना अमर्याद आकडा न देता त्या सौद्यापुरती रक्कम द्यावी, असे फ्रंटएंड लिहा.

कागदावरचा करार मात्र सोडू नका. कॉन्ट्रॅक्टचा पत्ता, चेनचे नाव, तक्रारीची मुदत आणि वाद कोणी मिटवायचा हे त्यात मराठीत लिहून तिघांच्या सह्या घ्या. १८७२ च्या करार कायद्याखाली तो कागद उभा राहतो, आणि कोड व कागद यांत फरक निघाला तर काय धरायचे हेही त्यातच लिहिलेले असू द्या.

पैसे चेनवर ठेवायचे की नाही, याचा निर्णय मामांशी बोलून आधी करा. त्यानंतर सौद्याच्या अवस्था बदललेला कोड आणि शिल्लकीच्या अखंड नियमाची चाचणी याच धाग्यात टाका, प्रायव्हेट की आणि खरे पत्ते काढून. मी तो वाचेन.